वाचकांचे प्रश्न : दर आठवड्याचे विमान आणि घर ते सोनेगावचा रस्ता

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. घर, वावर आणि म्हातारी माणसे विदर्भातल्या गावात, नोकरी मात्र पुण्या-मुंबईत, आणि दर आठवड्याला विमानाने ये-जा करण्याचा विचार. आमच्या पुलगावजवळच्या गावातून मुंबईच्या नोकरीसाठी मी स्वतः सात वर्षे अशीच ये-जा केली आहे, त्यामुळे ही पत्रे वाचताना त्यांच्यामागची ओढाताण मला चांगलीच ओळखीची वाटली. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तर देत आहे.

प्रश्न : माझे वय ३८ आहे. गावात आमची आठ एकर कोरडवाहू शेती आहे. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वडील ७४ वर्षांचे असून त्यांना आता एकट्याने वावरात जाणे होत नाही. चार वर्षे मी पुण्याच्या कंपनीचे काम घरूनच केले. आता कंपनीने सोमवार ते शुक्रवार हिंजवडीच्या कार्यालयात हजर राहण्यास सांगितले आहे. दर शुक्रवारी रात्री विमानाने येऊन सोमवारी पहाटेच्या विमानाने परत जाणे झेपेल का?
— एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : झेपेल, परंतु आपण जसे मनाशी मांडले आहे तसे नाही. नागपूर ते पुणे हे विमान सव्वा तासाच्या आसपास हवेत असते आणि आपल्यापैकी बहुतेकांचा सगळा हिशेब या सव्वा तासावरच बेतलेला असतो. सोमवारी सकाळी सातचे विमान आहे असे धरू. देशांतर्गत उड्डाणासाठी सामान स्वीकारणारी खिडकी साधारणपणे विमान सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होते आणि विमानात चढण्याचे दार २५ मिनिटे आधी. म्हणजे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर पावणेसहाला पोचायला हवे. आर्वीकडून विरूळला समृद्धी महामार्गावर चढले तरी अंगणातून साडेतीनला गाडी हलली पाहिजे, आणि त्यासाठी पावणेतीनला उठले पाहिजे. पुण्यात साडेआठच्या सुमारास उतरल्यावर लोहगाव ते हिंजवडी हे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सोमवारच्या गर्दीत दीड तास सहज घेते. सुमारे साडेसहा तासांच्या या प्रवासात विमानाचा वाटा सव्वा तासाचा आहे. उरलेला सगळा वेळ रस्त्याचा, रांगेचा आणि वाट पाहण्याचा आहे.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, तिकीट काढण्याआधी घर ते सोनेगाव हा रस्ता पक्का ठरवावा : कोणती गाडी, कोण चालवणार, तो आला नाही तर दुसरा कोण, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर कोणत्या बाजूने निघायचे. या चार गोष्टी ठरल्यानंतरच विमानाची वेळ निवडावी. आपण उलट करतो. स्वस्त तिकीट दिसले की ते काढतो आणि मग पहाटेची गाडी शोधत बसतो.

हे मी अनुभवाने सांगते आहे. एका जानेवारीत पहाटे साडेतीनला मी बॅग घेऊन अंगणात उभी होते. ठरवलेला गाडीवाला आला नाही आणि फोनही उचलेना. पंधरा मिनिटे वाट पाहून यजमानांनी मोटारसायकल काढली, परंतु समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे जुन्या रस्त्याने वर्धा गाठावे लागले आणि तेथे ओळखीच्या एकाला झोपेतून उठवून त्याची गाडी घ्यावी लागली. विमानतळाच्या खिडकीपाशी पोचले तेव्हा समोरचा पट्टा अजून फिरत होता, त्यावर माझ्या आधीच्या प्रवाशाची निळी सुटकेस हळूहळू आत जाताना मला दिसत होती, आणि खिडकी पाच मिनिटांपूर्वी बंद झाली होती. थंडीने बोटे इतकी आखडली होती की ओळखपत्र पुन्हा पाकिटात घालता येईना. त्या दिवसानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. सामान खिडकीवर देणे बंद केले आणि सोमवारच्या पहाटेचे विमान सोडून दिले.

आपणही सोमवारऐवजी रविवारी संध्याकाळी निघावे. घरातली एक रात्र कमी होते याचे वाईट वाटेल, परंतु पावणेतीनला उठायचे असले की रविवारची ती रात्र तशीही घरची राहत नाही. मुले झोपलेली असतात आणि आपण घड्याळाकडे पाहत कूस बदलत असतो.

शुक्रवारच्या रात्रीबद्दल तर मी आणखी आग्रहाने सांगेन. दिवसभर काम करून रात्री अकराला नागपुरात उतरायचे आणि तेथून स्वतः गाडी चालवत १०० ते १२० किलोमीटर गावाकडे जायचे, हे करू नये. समृद्धी सरळसोट आहे, रात्री सुनसान असते, आणि थकलेल्या माणसाला डोळा केव्हा लागला तेही कळत नाही. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. आपल्यासारखीच घर आणि पोट यांच्यामध्ये ये-जा करणारी माणसे होती ती. आपल्या जिल्ह्यात अजूनही त्या रात्रीबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही.

त्यापेक्षा येताना रेल्वे आणि जाताना विमान हा मेळ मला आपल्यासाठी योग्य वाटतो. पुण्याहून संध्याकाळी निघणारी आझाद हिंद एक्सप्रेस सकाळी वर्ध्याला सोडते. विमान आपल्याला घरावरून उडवत नागपूरला नेते आणि तेथून आपण पुन्हा मागे येतो, तर रेल्वे घराच्या जवळच उतरवते. आडवे होऊन झोपता येते ते वेगळेच. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होते, म्हणून दर शुक्रवारचे तिकीट त्याचे आरक्षण उघडते त्या दिवशी सकाळीच काढण्याची शिस्त लावून घ्यावी. पुण्याहून नागपूरच्या अजनीपर्यंत ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही धावते, परंतु ८८१ किलोमीटरला ती सुमारे १२ तास घेते आणि दिवसा धावते, त्यामुळे नोकरीच्या आठवड्यात तिचा उपयोग थोडा.

खर्चाचे म्हणाल तर वहीत महिन्याचे एक पान करावे. त्यावर विमानाचे भाडे, दोन्ही टोकांच्या गाड्या, टोल, पुण्यातील खोलीचे भाडे आणि वाया गेलेली तिकिटे असे सगळे लिहावे. शेवटची बाब बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि तीच हिशेब बिघडवते. घर ते कार्यालय प्रवासाचा खर्च पगारदाराला प्राप्तिकरात वजा करून मिळत नाही, म्हणजे हा सगळा पैसा कर भरून उरलेल्या पगारातून जातो. बेरीज हाती येणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या वर जात असेल तर दर आठवड्याचा हट्ट सोडून पंधरवड्याला यावे आणि वाचलेल्या पैशातून पेरणीच्या व वेचणीच्या दिवसांत वडिलांच्या हाताखाली माणूस ठेवावा. देशांतर्गत प्रवासात जाण्या-येण्याचे तिकीट एकत्र घेतल्याने सहसा काही वाचत नाही, म्हणून प्रत्येक तिकीट सुटे काढावे. एक रद्द झाले तरी दुसरे हातात राहते.

आणखी एक. कंपनीशी एकदा मोकळेपणाने बोलावे. शुक्रवारी दुपारनंतरचे काम घरून किंवा गाडीतून करण्याची लेखी मुभा मिळाली, तर पुण्याहून सुटणारी गाडी धावतपळत पकडावी लागणार नाही. वडिलांचे वय आणि शेतीची स्थिती सांगण्यात कमीपणा मानू नये.

प्रश्न : मी मुंबईत एका रुग्णालयात परिचारिका आहे. दर पंधरा दिवसांनी मुलीला भेटायला गावी येते. पहाटेच्या विमानासाठी एकटीने टॅक्सीने निघायची मला भीती वाटते आणि प्रत्येक वेळी भावाला झोपेतून उठवणे बरे वाटत नाही. काय करावे?
— एक वाचक, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

उत्तर : ताई, भीती वाटणे अगदी रास्त आहे, आणि पहाटेचे विमान स्वस्त असले तरी आपण ते घेऊ नये असे मला वाटते. दुपारचे किंवा संध्याकाळचे विमान घ्यावे, म्हणजे दिवसाउजेडी एसटीने निघता येते. चंद्रपूरकडून येणाऱ्या गाड्या जाम चौरस्त्यावरून नागपूरला जातात आणि मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मेच तिकीट लागते. आपल्या बाजूच्या लोकांना एक सोय अशी की, विमानतळ नागपूर शहराच्या अलीकडे, वर्धा मार्गावरच आहे, त्यामुळे गणेशपेठेच्या स्थानकापर्यंत जाऊन उलटे येण्याची गरज नाही. गाडी थांबत असेल तर खापरीला उतरून मेट्रोने विमानतळ स्थानक गाठावे. मात्र ते स्थानक टर्मिनलच्या दारात नाही. पुढे रिक्षा करावी लागते, त्यासाठी वीस मिनिटे जास्तीची धरावीत.

पहाटेच निघणे भाग असेल तर आदल्या संध्याकाळी नागपुरात नातेवाइकांकडे मुक्काम करावा. तसे कोणी नसेल तर गावातल्याच, घरच्यांना ठाऊक असलेल्या एका गाडीवाल्याशी महिन्याचा ठराव करावा आणि प्रत्येक वेळी त्याला आदल्या रात्री आणि निघण्याच्या तासभर आधी असे दोनदा फोन करावेत. निघाल्यावर आपण कुठे आहोत हे भावाच्या फोनवर दिसत राहील अशी सोय करून ठेवावी आणि ११२ हा क्रमांक ध्यानात ठेवावा. भावाला उठवण्याचा संकोच मात्र करू नये. त्याला विचारून पाहिलेत तर आपण एकट्या निघालात हे नंतर कळण्यापेक्षा उठणेच त्याला आवडेल.

मुंबईचे तिकीट काढताना एक काळजी घ्यावी. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली आहेत आणि जुन्या विमानतळाचीही दोन टर्मिनले आहेत. आपले रुग्णालय कोणत्या बाजूला आहे ते पाहून तिकीट काढावे, नाहीतर स्वस्त तिकिटातले वाचलेले पैसे टॅक्सीत जातील.

प्रश्न : गेल्या डिसेंबरात नागपूरहून माझे विमान आधी तीन तास उशिरा असल्याचे सांगितले आणि नंतर रद्द केले. खिडकीवर कोणी धड उत्तर देईना. पैसे परत न देता पुढील प्रवासासाठी रक्कम जमा ठेवतो असे सांगण्यात आले. प्रवाशाला नेमके काय मागता येते?
— एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे यासंबंधीचे नियम स्पष्ट आहेत, आणि दर आठवड्याला विमानात बसणाऱ्याने ते पाठच करून ठेवावेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल तर वेळेवर आलेल्या प्रवाशाला खाणे-पिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. नागपूरहून देशात कोठेही जाणारी बहुतेक विमाने याच गटात येतात. उशीर सहा तासांहून जास्त होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतील निवड प्रवाशाची असते. विमान रद्द झाल्यावरही दुसरे विमान घ्यायचे की पैसे परत घ्यायचे, हे आपणच ठरवायचे असते. पैसे जमा ठेवून पुढे वापरायचे की नाही हेही प्रवाशाच्या मर्जीवर आहे, त्याची सक्ती करता येत नाही. तिकीट एजंटाकडून काढले असले तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते.

वेळेत न कळवता विमान रद्द केले तर भरपाईही मिळते. एका तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्यापुढे १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांतील जी रक्कम कमी असेल ती. मात्र धुके, वादळ यांसारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ही भरपाई लागू नाही. म्हणूनच खिडकीवर पहिला प्रश्न विचारावा तो कारणाचा, आणि ते कारण संदेशात किंवा कागदावर लेखी मागावे. तोंडी सांगितलेले कारण नंतर बदलते. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि तेथे दाद न लागल्यास केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ या संकेतस्थळावर नोंदवावी.

परत न मिळणारे तिकीट आपणच रद्द केले तरी त्यातील कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळतेच. ही रक्कम छोटी असते म्हणून लोक सोडून देतात. वर्षभराच्या तिकिटांची बेरीज केली तर ती छोटी राहत नाही.

डिसेंबरबद्दल वेगळे सांगावेसे वाटते. धुके नागपुरात नसले तरी आपले विमान दिल्लीहून येणारे असेल तर ते तिकडेच अडकते. आदल्या रात्री आपले विमान कुठून येणार आहे ते पाहून घेण्याची सवय लावावी. रात्री नागपुरातच मुक्कामी असलेले विमान सकाळी बरेचदा वेळेवर निघते. त्याच महिन्यात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात असते, त्यामुळे मुंबईची तिकिटे महागतात आणि वर्धा मार्गावर वाहतूक खोळंबते. अधिवेशनाच्या आठवड्यांची तिकिटे तारखा जाहीर होताच काढून ठेवावीत. पोळा आणि दिवाळीलाही तसेच.

प्रश्न : अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुरू झाल्यापासून नागपूरला जाण्याचा त्रास वाचेल असे वाटते. दर आठवड्यासाठी त्यावर विसंबावे का?
— एक वाचक, चांदूर रेल्वे, जि. अमरावती

उत्तर : बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ रोजी ‘उडान’ योजनेखाली मुंबईची सेवा सुरू झाली याचा आपल्या भागातल्या सर्वांप्रमाणे मलाही आनंद आहे. छोटे, सत्तरएक आसनांचे एटीआर विमान आहे आणि घर ते विमानतळ अंतर निम्म्याहून कमी होते. तरीही ते आठवड्यातून मोजक्याच दिवशी असते, म्हणून चालू वेळापत्रक आपल्या सुट्टीच्या दिवसांशी जुळते का ते आधी पाहावे. ते रद्द झाले तर त्या दिवशी दुसरे विमान नसते. अशा वेळी जवळच असलेले बडनेरा स्थानक उपयोगी पडते, कारण तेथून विदर्भ एक्सप्रेस आणि अमरावती–मुंबई एक्सप्रेस दोन्ही संध्याकाळनंतर मिळतात. दुसऱ्या दिवशी ज्यांना उशिरा पोचून चालते त्यांनी बेलोऱ्यावर खुशाल विसंबावे. सोमवारी सकाळी हजेरी चुकवता न येणाऱ्यांनी नागपूर सोडू नये.

प्रश्न : मला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हैदराबादला नोकरी लागली असून महिन्यातून तीन-चार वेळा विमानाने यावे-जावे लागेल. विमानात त्रास होईल का?
— एक वाचक, कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : आधी आपला तपासणी अहवाल पाहावा. ‘एएस’ म्हणजे केवळ वाहक असाल तर नेहमीच्या प्रवासी विमानात सहसा काही अडचण येत नाही. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण असाल तर मात्र नोकरीवर रुजू होण्यापूर्वी आपले उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हा प्रवास नेमका किती वेळा आणि कसा आहे ते सांगून त्यांचा सल्ला घ्यावा. विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा असतो, म्हणजे प्राणवायू थोडा कमी मिळतो. त्यात अंगातले पाणी कमी झालेले असेल किंवा थंडी वाजली तर वेदना उठण्याची शक्यता वाढते.

माझ्या मते आपला खरा धोका विमानाच्याही आधी, कुरखेडा ते नागपूर या लांबलचक रस्त्यावर आहे. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात बसने चार-पाच तास यायचे, वाटेत लघवीची सोय नाही म्हणून पाणी पिणे टाळायचे, आणि तसेच कोरड्या घशाने थंडगार विमानात बसायचे, हे आपल्या भागातल्या मुली विशेषकरून करतात. असे अजिबात करू नये. पाणी पीत राहावे, अंगावर घ्यायला शाल ठेवावी, हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचे औषध चालू असेल तर एकही मात्रा चुकवू नये आणि गोळ्या व अहवालाची प्रत हातातल्याच पिशवीत ठेवावी. नुकतेच दुखणे येऊन गेले असेल किंवा हिमोग्लोबिन फार खाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या आठवड्याचे विमान घेऊ नये. तिकीट बुडाले तर बुडू द्यावे.

प्रश्न : माझा मुलगा दर रविवारी विमानाने पुण्याला जातो. मी बांधून दिलेले तिखट आणि लोणचे त्याला विमानतळावर काढून ठेवावे लागले. विमानात नेमके काय देता येते?
— एक आई, भिवापूर तालुका, जि. नागपूर

उत्तर : मावशी, भिवापुरी मिरचीचे तिखट काढून ठेवताना त्याच्या जिवाला काय वाटले असेल ते मी समजू शकते. तिखटाची पूड आणि लोणचे हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत. तूप आणि तेलही त्या पिशवीत देऊ नये. हे सगळे खिडकीवर द्यायच्या मोठ्या बॅगेत चालते. डब्याच्या झाकणाखाली प्लास्टिकचा कागद लावून, वरून चिकटपट्टी लावून आणि मग जुन्या कपड्यात गुंडाळून द्यावे, म्हणजे सांडणार नाही. त्या बॅगेला साधारणपणे १५ किलो आणि हातातल्या बॅगेला ७ किलोची मर्यादा असते, तरी त्याच्या तिकिटावर मोठी बॅग धरलेली आहे ना हे त्याला पाहायला सांगावे. मोबाइलची पॉवर बँक मात्र मोठ्या बॅगेत राहू देऊ नये, ती त्याच्या जवळच असावी लागते. सुके खोबरे कोणत्याच बॅगेत देऊ नये. त्यात तेल फार असल्यामुळे ते पेट घेणाऱ्या पदार्थांत धरतात.

हातातल्या डब्यात कोरडे काहीही चालते. दशम्या, तिळाचे लाडू, कोरडी आलूची भाजी आणि पोळ्या द्याव्यात. तपासणीच्या यंत्रातून स्टीलचा डबा जाताना कधीकधी उघडून दाखवायला सांगतात, म्हणून डबा बॅगेत अगदी वर ठेवावा आणि त्याला गाठ मारू नये.